सात वेळूंची सोंगटी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. देवापुढे उभा राहिलो की मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत सुटायचो — मुलीचं लग्न, बढती, गुडघेदुखी — म्हणजे हे मनात यायला जागाच उरायची नाही. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. बघा, सुरुवातीलाच भित्रेपणा आला.

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत लोक मला सज्जन माणूस म्हणतात. पेन्शनर बाबू, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. हे कानावर पडलं की मला किळस येते — लोकांची नाही, माझी. शिळ्या डब्याचा वास असतो ना, तशी. आधी वाटतं, कुठून येतोय हा वास? आणि मग कळतं की डबा आपल्याच पिशवीत आहे.

कुठून सुरू करू? खेळापासूनच करतो. तिथे निदान सगळं सरळ होतं, मी हात घालेपर्यंत.

आमच्या आळीत तात्या राहायचे. तरुणपणीच रंगूनला गेले आणि वीसेक वर्षं तिथे एका लाकडाच्या वखारीत टायपिस्ट होते. लढाईत जपानी आले तेव्हा त्यांना पळता आलं नाही, आणि कोठारावरच्या जपानी शिपायांच्या हाताखाली राबावं लागलं. ते शिपाई माजाँग नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळायचे. खेळ खरा चौघांचा, पण चौथा कायम पहाऱ्यावर, म्हणून ते तिघांत खेळत. आणि तिसराही कमी पडला की तात्यांना बसवत. लढाई संपल्यावर तात्या बुऱ्हाणपूरला परतले ते एका लाकडी पेटीसकट. गावात त्या पेटीला ‘चिनी सोंगट्या’ म्हणत आणि हसत. शिकायला बसलो फक्त आम्ही दोघं — मी आणि विनायक. एकाच कचेरीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे आम्ही. चौथा आम्हाला कधी मिळालाच नाही. दर रविवारी दुपारी तात्यांच्या माडीवर तिघांचाच डाव.

नियम सांगावे लागतील. कंटाळू नका — माझं पाप नियमातच आहे.

सोंगट्या हाडाच्या, पाठीला बांबू. त्यांची तीन घराणी: टिकल्या, वेळू आणि चिनी अक्षरं. प्रत्येकात एक ते नऊ, आणि प्रत्येक सोंगटी चार-चार वेळा. शिवाय दिशांच्या वगैरे. तिघंच खेळणार असले की अक्षरांमधल्या दोन ते आठ सगळ्या काढून ठेवायच्या. अठ्ठावीस होतात. त्या तात्या पेटीच्या झाकणात उपड्या घालून ठेवायचे. उत्तरेला कुणी बसलेलाच नसतो, म्हणून उत्तर दिशेची सोंगटी आली की ती बाजूला मांडायची आणि बदली दुसरी घ्यायची. हातात तेरा सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनच्या — एकसारख्या किंवा लागोपाठच्या आकड्यांच्या — चार जुळण्या आणि एक जोडी झाली की डाव तुमचा. शेवटची हवी असलेली सोंगटी दुसऱ्याने टाकली तरी चालते, तिच्यावर जिंकता येतं.

पण टाकलेल्या सोंगट्या ढिगात फेकायच्या नाहीत. प्रत्येकाने त्या आपल्यासमोर सहा-सहाच्या ओळीत, टाकल्या त्या क्रमाने, उताण्या मांडायच्या. सगळ्यांना दिसतील अशा. कारण — आणि हेच महत्त्वाचं — जी सोंगटी तुम्ही स्वतः एकदा टाकलीत, तिच्यावर दुसऱ्याच्या हातून जिंकता येत नाही. तुमच्या नशिबाने तुम्हीच परत उचललीत तर गोष्ट वेगळी. तात्या म्हणायचे, हा नियम म्हणजे खेळाचा कणा. त्याच्या जोरावर तर समोरचा निर्धास्त असतो. याने सात टाकली आहे, म्हणजे याच्यापुढे सात टाकायला भीती नाही. आपण जे टाकलं ते टाकलं — त्यावर परत हक्क सांगायचा नाही. किती साधं आहे, नाही? लहान मुलालाही कळेल.

आता छप्पन साल. प्रांत तुटत होते, जोडले जात होते. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी होती. आता ते दुसऱ्या राज्यात जाणार आणि आम्ही भोपाळच्या राज्यात राहणार, असं ठरलं. कचेरीत दुसरा विषय नव्हता. कुणाला कुठे जायचं ते लिहून मागितलं गेलं. विनायकने लिहिलं नागपूर. मीही लिहिलं नागपूर. आठ दिवसांनी आमच्या मोठ्या बाबूंनी दोघांना बोलावलं आणि सांगितलं की तुमच्या टेबलावरून एकच नाव नागपूरच्या यादीत बसतं. कुणाचं ते आपसात ठरवा आणि पुढच्या शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर दोघंही इथेच.

मला नागपूर कशाला हवं होतं? माझे दोन भाऊ तिथे होते. इथे यापुढे फायलींवर हिंदीत लिहावं लागणार, याचा मला कंटाळा होता. आणि खरं सांगू का — राजधानीच्या गावचा माणूस म्हणवून घ्यायची हौस होती, ती राजधानी राहिली नव्हती तरी. बस, एवढंच. यापलीकडे काही सापडत नाही. चाळीस वर्षं शोधतोय.

विनायकला शालूसाठी हवं होतं.

शालू त्याची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. अशा मुलांची एक शाळा नागपूरला होती. विनायक रजा काढून तिला तिथे दाखवून आला होता. तिथल्या बाईंनी शालूचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि ‘आ’ म्हटलं. मग तोच हात शालूच्या गळ्यावर ठेवला. आणि शालूने ‘आ’ म्हटलं. हे त्याने मला कचेरीच्या ओट्यावर सांगितलं, आणि सांगताना त्याचा हात त्याच्याच गळ्यावर गेला होता. आपल्या गावात तेव्हा असलं काही नव्हतं. त्याने हे फक्त मला सांगितलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला सगळं माहीत होतं.

मग तो सरळ म्हणाला का नाही की भाऊ, मला जाऊ दे? त्याचा स्वभाव तसा नव्हता. लेकरू पुढे करून मागणं त्याला भीक वाटे. तुझीही माणसं तिथेच आहेत, असं उलट मलाच म्हणाला. आणि मी? मी म्हणू शकत होतो की तू जा. दोन शब्द. मी वाट पाहिली की तो मागेल, म्हणजे मला देता येईल आणि वर उपकारही करता येतील. तो मागेना, तर मला बरंच वाटलं. आहे की नाही मजा?

तो म्हणाला, मारुतीच्या देवळात चिठ्ठ्या टाकू. मी म्हणालो, नको. चिठ्ठी म्हणजे आंधळं नशीब. त्यापेक्षा तात्यांकडे बसून डावावर ठरवू, त्यात निदान डोकं तरी लागतं. किती शहाण्यासारखं बोललो मी. आणि तिघांत सगळ्यात चांगला खेळायचा कोण? मी. हे त्यालाही ठाऊक होतं, तरी तो हो म्हणाला. चिठ्ठ्यांत दोघांना सारखीच संधी होती. ती संधी मी तिथेच गिळली. लबाडी तिथे सुरू झाली, पुढचं तर नुसतं हाताचं काम होतं.

तात्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. खेळाने असलं ओझं उचलू नये, असं ते दोनदा म्हणाले. विनायकने हात जोडले तेव्हा कुठे कबूल झाले. ठरलं असं — तात्या बसतील, पण त्यांचे डाव मोजायचे नाहीत. आमच्या दोघांत जो आधी तीन डाव जिंकेल, त्याचं नाव जाईल.

दसरा नुकताच झाला होता. रविवारची दुपार. विनायक त्या दिवशी असा खेळला की मला घाम फुटला. बघता बघता त्याचे दोन डाव झाले, माझा एकच. पुढच्या डावात मी चार टिकल्यांची सोंगटी टाकली. विनायकचा हात पटकन पुढे आला — आणि थांबला. त्याने स्वतःच्या ओळीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“जाऊ दे भाऊ. ही तर माझीच टाकेल आहे.”

हसला आणि पुढची सोंगटी उचलली. मी वाकून पाहिलं. खरंच, त्याच्या पहिल्या ओळीत दुसरी सोंगटी चार टिकल्यांचीच होती. त्याने सुरुवातीलाच टाकलेली. माझ्या ध्यानात नव्हती. तात्यांच्याही नसावी, ते चष्मा पुसत होते. त्याने हातातल्या सोंगट्या उताण्या करून डाव घेतला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिसरा डाव त्याचा, नागपूर त्याचं. मुलीची शाळा हाताशी आली होती आणि या माणसाने ती एका नियमासाठी सोडून दिली, तेही हसून. तो डाव मग मी जिंकला. दोन-दोन.

हे बघितल्यावर मला लाज वाटायला हवी होती. मला काय वाटलं सांगू? वाटलं — वाचलो.

शेवटचा डाव. मी सुरुवातीलाच सात वेळूंची सोंगटी टाकली होती, तेव्हा ती माझ्या कामाची नव्हती. पण पुढे हातात सहा वेळूंची आली, मग आठ वेळूंची आली, आणि बाकीचं सगळं जुळून बसलं. मधली सात तेवढी हवी. आणि सात तर मीच टाकलेली — पहिल्या ओळीत तिसरी. म्हणजे आता दुसऱ्या कुणी सात टाकली तरी मला बघत बसावं लागणार. जुळणी मोडून नवी करायला वेळ नव्हता.

तेवढ्यात तात्यांच्या बहिणीने खालून चहासाठी हाक मारली. तात्या उठले. त्यांचे हात थरथरत, म्हणून ट्रे धरायला विनायक जिन्यापर्यंत गेला. माझ्याकडे पाठ. किती वेळ? तुम्ही चपला घालता तेवढा. मी ओळीतली सात उचलली, शेवटची सोंगटी तिच्या जागी सरकवली, आणि सात मांडीजवळच्या झाकणात, त्या अठ्ठावीस उपड्या सोंगट्यांत, उपडी करून ठेवली. बोटं जराही थरथरली नाहीत. पुष्कळदा वाटतं, थरथरायला हवी होती.

चहा प्यालो. चांगला झाला होता, असंही म्हणालो.

नंतरच्या चौथ्या-पाचव्या फेरीला विनायकने सात वेळूंची टाकली. तो का टाकणार नाही? त्याला आठवत होतं की मी सात टाकली आहे. माझ्यापुढे सात म्हणजे निर्धोक. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच ती टाकली त्याने. मी सोंगट्या उताण्या केल्या.

तो गोंधळला. म्हणाला, मला वाटलं तू सात आधी टाकली आहेस. मी आवाज न चढवता, अगदी शांतपणे म्हणालो,

“ओळ समोरच आहे. बघून घे.”

त्याने पाहिली. एकेका सोंगटीवर बोट ठेवत पाहिली. मग स्वतःचेच कान पकडले. माझ्यापुढे कान पकडून म्हणाला की चूक माझी, डोकं ठिकाणावर नाही, उगाच संशय घेतला, मनात ठेवू नको. आणि मी ‘असू दे, असू दे’ म्हणालो. मी त्याला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी. त्याला.

सोमवारी संध्याकाळी तात्यांचा निरोप आला. गेलो तर ते माडीवर एकटे, पेटी पुढ्यात. बसही म्हणाले नाहीत.

“झाकणात एकोणतीस निघाल्या,” म्हणाले आणि ती सोंगटी माझ्या हातावर ठेवली. “ही तुझी. शनिवारपर्यंत वेळ आहे. विनायकला तुझं तू सांग, मी बोलायचो नाही.”

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार दिवस विनायक माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून काम करत होता. सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. मी त्या चार दिवसांत त्याच्याशी पावसाबद्दल बोललो, केळीच्या भावाबद्दल बोललो, त्याची सासुरवाडी फोपनारची म्हणून तिकडच्या बागांची चौकशी केली. मूग गिळून गप्प बसणं वेगळं. मी तर गप्पही बसलो नाही. शनिवारी माझं नाव गेलं. संध्याकाळी विनायक घरी आला, हातात मावा-जिलेबीचा पुडा. जाणाऱ्या माणसाचं तोंड गोड करायला. मी चार वेटोळी खाल्ली. गरम होती. बोटंही चाटली.

आज बुऱ्हाणपूरला येणारा प्रत्येक पाहुणा मावा-जिलेबी मागतो. मी डायबिटीस सांगतो. मला डायबिटीस नाही.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, निदान नागपूरला जाऊन सुखी तरी झाला असशील. तेही नाही. आठ दिवस. आठ दिवसांत परत आलो. भावांच्या घरात जागा अपुरी, वहिनींची तोंडं वाकडी, कचेरीत मला कुणी ओळखेना. मला करमलं नाही. प्रकृतीचं कारण लिहून अर्ज दिला, थोडी ओळख लावली आणि पुन्हा त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत येऊन बसलो. ज्या गोष्टीसाठी एका मुलीच्या तोंडातलं बोलणं काढून घेतलं, ती मला करमली नाही म्हणून मी टाकून दिली.

विनायकने लगेच अर्ज केला. उत्तर आलं की यादी बंद झाली आहे. तो मला म्हणाला, चला, बरं झालं, दोघं बरोबर राहू.

तात्या पुढच्या उन्हाळ्यात गेले. मी परतल्यावर त्यांनी पेटी पुन्हा उघडली नाही. विनायकला सांगितलं की एक सोंगटी हरवली, खेळता येत नाही. कितीतरी वर्षं मी सगळा राग त्यांच्यावर काढत होतो. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, मग तो का नाही बोलला? असा चोराच्या उलट्या बोंबा मारणारा मी.

आणि विनायक त्या दिवसापासून स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवेना. इतका चोख माणूस, एकेक टिपण तीन-तीनदा तपासायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, माझं काही खरं नाही, मला डोळ्यांसमोरचं चुकीचं आठवतं, भाऊला विचारा. लोकांना वाटायचं, नम्रपणा. कुठून आलं हे, ते मला ठाऊक होतं. मी त्याचे कागद तपासून द्यायचो आणि म्हणायचो, बरोबर आहे रे.

शालू घरीच वाढली. घरातल्या घरात त्यांनी खुणा बसवल्या — पाणी, भूक, आई, ताप, नको. आई-बाप आणि ती, तिघांनाच कळणाऱ्या खुणा. प्रत्येक माणसासाठीही एक खूण. तिची आई दहा वर्षांपूर्वी वारली. विनायक गेल्या वर्षी गेला. आता ती धाकट्या भावाकडे असते. तो वाईट नाही, बायकोही वाईट नाही, जेवायला-खायला कमी नाही. पण त्यांना तिच्या चार-दोन खुणांपलीकडे काही कळत नाही. तेराव्याच्या दिवशी ती दारात उभी राहून भराभर हात हलवत होती, लांबलचक काहीतरी सांगत होती, बापाबद्दल असावं. वीसेक माणसं होती. सगळी मान डोलावत होती. एकालाही कळलं नाही.

माझी खूण मला कळते. विनायकनेच तिला लहानपणी शिकवलेली. रस्त्यात मी दिसलो की ती थांबते, चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करते आणि समोर, हवेतच, एका ओळीत अलगद मांडते. डावाचे काका. मग हसते. पंचेचाळीस वर्षांची बाई, पाच वर्षांच्या पोरीसारखी हसते. परवाही भाजीच्या गाडीपाशी भेटली. थांबली, मांडली, हसली. मी हात वर केला आणि भेंडी निवडत राहिलो.

ती सोंगटी माझ्याकडेच आहे. ट्रंकेत, जुन्या मोज्यात गुंडाळलेली. आज काढली आणि या कागदाशेजारी उताणी ठेवली आहे. सात वेळू. मी टाकली होती, विनायक. तुला बरोबर आठवत होतं.